खोडलेल्या नावाचे काय करायचे?

मंडळी, आजचा विषय ऐकून दोघातिघांनी दारातच विचारले की खोडलेल्या मजकुरावर तासभर बोलण्यासारखे आहे तरी काय. खोडले म्हणजे खोडले. लिहिणाऱ्यालाच ते नको होते, मग आपण का वाचायचे? प्रश्न रास्त आहे. आम्हीही पहिली काही वर्षे असेच मानत होतो, आणि त्या समजुतीपायी आमच्या हातून एक चूक झाली. ती आधी सांगून टाकतो. पुढे आम्ही बऱ्याच जणांवर टीका करणार आहोत, तेव्हा आमचे माप आधी पदरात घेतलेले बरे.

कोकणातल्या एका घरात मोडीतले एक बाड होते. घराण्याची नामावळी, देण्याघेण्याची टिपणे, मध्येच एखाद्या श्राद्धाची तिथी, असे मिसळीचे बाड. घरच्यांनी विश्वासाने त्याची छायाचित्रे काढू दिली आणि आम्ही चौघांनी बसून त्याचे देवनागरीत लिप्यंतर केले. एका पिढीत तीन मुलांची नावे ओळीने होती. मधल्या नावावर एक आडवी रेघ. रेघ एकदाच ओढलेली, खालचे नाव स्वच्छ वाचता येत होते. पण आमचा नियम ठरलेला होता, खोडलेले घ्यायचे नाही. दोन मुलगे उतरवले आणि पान उलटले.

दोनएक वर्षांनी बडोद्याहून एक गृहस्थ आले. त्यांच्या घरी पिढीजात सांगणे असे, की आपला मूळपुरुष या गावच्या या घराण्यातून दत्तक आला. त्यांनी नाव सांगितले. आम्ही संगणकात शोधले. नाव नाही. मग आम्ही त्यांना सांगितले, ‘‘तुमची माहिती ऐकीव दिसते, या घराण्यात असा माणूस नाही.’’ नुसते सांगितले नाही, ठासून सांगितले. ते बिचारे चहा घेऊन परत गेले. पुढे भलत्याच कामासाठी ती छायाचित्रे पुन्हा उघडली, तेव्हा मधले नाव दिसले. तेच नाव. समासात त्याच्या शेजारी बारीक ‘द’ आणि पुढे टिंब. दत्तक! रेघ ओढणाऱ्याने त्या मुलाला घराबाहेर काढलेच नव्हते; वहीत एका खात्याची रक्कम दुसऱ्या खात्यावर टाकावी तसे त्याने ते नाव दुसऱ्या घराच्या खाती टाकले होते. त्या गृहस्थांना पत्र लिहून माफी मागितली. त्यांचे उत्तर आले ते तुम्हाला शेवटी सांगू.

आता यात चूक नेमकी कुठे झाली? वाचण्यात नाही. नाव आम्हाला वाचता आले होते. चूक अशी झाली की ‘खोडलेले’ या एका शब्दात आम्ही दहा वेगळ्या गोष्टी कोंबल्या. आपल्या भाषेतच पाहा. आपण खोडतो, काट मारतो, पुसतो, खरवडतो, गिरवतो, कंस करतो, हरताळ फासतो. ही सगळी कामे निराळी आहेत आणि त्यांचा अर्थही निराळा आहे.

हरताळाचेच घ्या. आज आपण ‘तत्त्वांना हरताळ फासला’ असे म्हणतो तेव्हा हातात काय असते ते डोळ्यांपुढे येत नाही. हरताळ हे पिवळे खनिज, गंधक आणि आर्सेनिक यांचे. पोथी लिहिणारा अक्षर चुकला की त्यावर हरताळाचा लेप द्यायचा आणि सुकल्यावर त्यावरच बरोबर अक्षर लिहायचा. (दुकाने बंद ठेवण्याचा हरताळ हा शब्द वेगळा, त्याचा या पिवळेपणाशी संबंध नाही.) म्हणजे हरताळ ही साधी दुरुस्ती होती, राग नव्हता की लपवाछपवीही नव्हती. पण गंमत अशी की अशा पानाचे काळेपांढरे छायाचित्र काढले की पिवळा लेप फिका पडतो, आणि खालचे रद्द अक्षर नुसते पुसट झालेल्या चांगल्या अक्षरासारखे दिसू शकते. रद्द केलेले जिवंत होते ते असे. म्हणून, रंगीत छायाचित्र नसेल तर पोथीबद्दल ठाम बोलू नये, असे आम्ही नव्या मुलांना पहिल्याच दिवशी सांगतो.

मोडीत याच्या उलट फसगत होते. मोडी लिहिताना आधी कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत शिरोरेघ ओढून घेतात आणि मग तिच्याखाली अक्षरे लिहीत जातात. ओळी दाट असल्या की वरच्या ओळीतल्या अक्षरांची शेपटे खालच्या ओळीत घुसतात, आणि एखादी शिरोरेघ तिरपी गेली तर ती वरच्या ओळीच्या पोटातून जाते. नवशिक्याला वाटते हे नाव खोडले आहे. नाही बरं का, ते खोडलेले नाही, ती खालच्या ओळीची शिरोरेघ आहे. तसेच हिशेबी कागदांवर नोंद ताडून पाहिल्याची खूण असते. मूळ यादीवरून दुसरी यादी करताना कारकून एकेका नावावर बारीक फटकारा मारत जातो. आपणही किराणा आणल्यावर यादीतल्या जिनसांवर तशीच रेघ मारतो; त्याचा अर्थ साखर रद्द झाली असा नसतो, साखर घरात आली असा असतो.

आणि सातबारा तर तुमच्यापैकी प्रत्येकाने पाहिलेला आहे. जुन्या हाती लिहिलेल्या उताऱ्यावर मालकाचे नाव कमी झाले की त्याला कंस करतात आणि शेजारी फेरफाराचा क्रमांक येतो. ‘आजोबांच्या नावाला कंस झाला’ हे वाक्य खेड्यात कोणालाही समजते. आता संपादनाचे शास्त्र शिकलेला माणूस येतो आणि स्वतःच्या पदरची भर दाखवायला तोच कंस वापरतो. मग लिप्यंतरात (गोविंद) असे दिसले, तर गोविंदाचे नाव कमी झाले होते की संपादकाने अंदाजाने घातले? अगदी उलट अर्थ, खूण एकच. शिलालेख आणि पपायरस वाचणाऱ्या युरोपातल्या विद्वानांनी १९३१ मध्ये लायडन इथे बसून खुणांची पद्धत ठरवली, तेव्हा मुळातच खोडलेल्या मजकुरासाठी दुहेरी चौकोनी कंस राखून ठेवला. त्यांच्या खुणा जशाच्या तशा उचला असे आमचे म्हणणे नाही. पण निदान आपल्या दप्तरात जी खूण आधीच एका अर्थाने वापरात आहे, ती दुसऱ्या अर्थाने वापरू नका, एवढे तरी शहाणपण हवे.

आता कुलवृत्तांतांकडे येऊ. आम्ही या ग्रंथांचे ऋणी आहोत, हे मनापासून सांगतो. गेल्या शतकात महाराष्ट्रातल्या कितीतरी घराण्यांनी पत्रे पाठवून, छापील तक्ते भरून घेऊन, गावोगाव हिंडून, पदरमोड करून हे ग्रंथ केले. कुलवृत्तांत करणारा माणूस बहुधा निवृत्त शिक्षक किंवा कारकून, आणि त्याच्या घरची जेवणाची ताटे कितीदा कागदांवरच मांडली गेली असतील. पण त्या ग्रंथांतली वंशवृक्षाची पाने पाहा. किती स्वच्छ! एक नाव खोडलेले नाही, एक शंका नाही. ज्या बाडांवरून आणि वह्यांवरून ती पाने केली, ती मात्र खाडाखोडीने भरलेली असतात. मग ती खाडाखोड कुठे गेली? शुद्ध प्रत करताना गळाली. आमच्याकडे पाहणी पूर्वी झाली तशीच, ‘खोडलेले घ्यायचे नाही’.

याचा परिणाम असा होतो की वंशवृक्षातून कोण गळते, यात एक ठरावीक तऱ्हा दिसू लागते. दत्तक दिलेला मुलगा जन्माच्या घरातून गळतो, आणि दत्तक घरच्या ग्रंथात तो आकाशातून पडल्यासारखा येतो. परजातीत लग्न केलेला, धर्म बदललेला, परदेशी जाऊन पुन्हा न लिहिलेला, असे गळतात. विधवेच्या पुनर्विवाहाला कायद्याची मान्यता १८५६ मध्ये मिळाली, घरच्या बाडाची मिळायला किती काळ लागला ते तुम्ही आपापल्या घरी विचारा. बायकांची नावे बहुतेक जुन्या वृक्षांत नाहीतच, आणि जिथे आहेत तिथे माहेरचे नाव काटून सासरचे वर लिहिलेले असते. लिप्यंतर करणारा वरचे घेतो, खालचे सोडतो, आणि त्या बाईचे माहेर शोधण्याचा एकुलता धागा तिथे तुटतो. तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत, नाशिक म्हणा, त्र्यंबकेश्वर म्हणा, कधीकधी हा धागा टिकतो, कारण त्या वहीत यजमान स्वतः येऊन सांगतो आणि जुने पान फेकले जात नाही. पण तीच वही पुढे नव्या कागदावर उतरवली गेली की तिथेही हीच गाळणी लागते.

विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापायला घेतली तेव्हा त्यांचा सगळा भर बखरीपेक्षा अस्सल कागदावर होता. अस्सल शब्दाची ती जरब आपण आजही बाळगतो. मात्र आपण अस्सल कागद मिळवण्यात जेवढी जिद्द दाखवली तेवढी तो कागद पूर्ण उतरवण्यात दाखवली का? साधनांच्या छापील खंडांत फाटक्या जागी टिंबे देण्याची रीत आहे. वाळवीने खाल्ले तर आपण नोंद करतो, माणसाने खोडले तर करत नाही. हा वाळवीला दिलेला मान आम्हाला काही समजत नाही.

कायद्याचे वळण तर याहून चांगले आहे. जन्म आणि मृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा आहे, त्याचे कलम १५ काढून वाचा. नोंद चुकीची ठरली किंवा खोटेपणाने झालेली आढळली, तर निबंधकाने समासात दुरुस्ती लिहावी किंवा समासात लिहून ती रद्द करावी, सही करावी, तारीख घालावी आणि मूळ नोंदीला हात लावू नये. रद्द झालेली, खोटी ठरलेली नोंदसुद्धा कायदा जागेवर ठेवतो. कोणी, कधी, काय बदलले ते पाहणाऱ्याला दिसावे म्हणून. सरकारी दप्तराबद्दल आपण बरेच काही बोलतो, पण या एका बाबतीत आपल्यातल्या हौशी संशोधकापेक्षा निबंधक अधिक काटेकोर राहायला बांधलेला आहे.

हे सगळे जुन्या कागदांच्या हौसेपुरते असते तर एवढे बोललो नसतो. २०२३ पासून मराठवाड्यात आणि नंतर राज्यभर कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, गाव नमुना नंबर १४, कोतवाल बुक, शाळांचे जनरल रजिस्टर, असे दप्तर बाहेर निघाले आणि मोडी वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली. त्या मागणीच्या राजकारणात आम्ही शिरत नाही. सभागृहात दोन्ही बाजूंची माणसे बसली आहेत आणि आम्हाला घरी सुखरूप जायचे आहे. आम्ही फक्त वाचणाऱ्याच्या टेबलाबद्दल बोलतो. जातीच्या रकान्यात एक शब्द काटलेला आहे आणि वर दुसरा लिहिला आहे. वाचणाऱ्याने काय लिहून द्यायचे? वरचा शब्द दिला तर एक कुटुंब आत जाते, खालचा दिला तर तेच कुटुंब बाहेर राहते, किंवा उलट. मुलाचा इंजिनिअरिंगचा प्रवेश त्या एका रेघेवर टांगलेला असतो. इतर मागास वर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ ही तारीख मानली जाते. त्या आधीपासून कुटुंब महाराष्ट्रात राहते आहे हे दाखवावे लागते, म्हणून जुन्या कागदाला सोन्याचा भाव.

अशा वेळी वाचणारा मनातल्या मनात न्यायाधीश होतो. ही शाई नवी दिसते, हे वळण निराळे आहे, म्हणजे मागाहून घुसडले असणार, सोडून द्या. किंवा, मास्तरांनीच दुरुस्त केले असेल, तर वरचेच खरे. दोन्ही निर्णय त्याचे नव्हेत. त्यासाठी जात पडताळणी समिती आहे, तिचे दक्षता पथक आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९४ च्या माधुरी पाटील खटल्यापासून ती व्यवस्था आली, आणि पथक मूळ रजिस्टर पाहते, घरी जाते, शाळेत जाते. वाचणाऱ्याचे काम इतकेच: खालचा शब्द हा, वरचा शब्द हा, रेघ अशी, शाई वेगळी दिसते, शेजारी सही आहे किंवा नाही. ‘वेगळी दिसते’ असे लिहायचे, ‘मागाहून घातली’ असे लिहायचे नाही. या दोन वाक्यांतला फरक शिकवायला आम्हाला मोडीची बाराखडी शिकवण्यापेक्षा जास्त दिवस लागतात.

आणि आता टीका उलट्या बाजूने. काही वर्षांपूर्वी आम्ही पश्चात्तापाच्या भरात दुसऱ्या टोकाला गेलो होतो. खोडलेले दिसले की हर्ष. नक्कीच इथे काहीतरी लपवले आहे! एका नामावळीत एका बाईचे नाव असे गिरवून खोडले होते की कागद जवळजवळ फाटला होता. मागून दिवा धरला, नाव लागले, आणि आम्ही संध्याकाळभर त्या बाईची करुण कहाणी रचत बसलो. माहेरी पाठवली असेल, वाळीत टाकली असेल. आमच्यातल्या एकाने तर लेखाचा मथळासुद्धा सुचवला. दुसऱ्या दिवशी सावकाश वाचताना दिसले की तेच नाव, त्याच शाईत, त्याच हाताने, दोन ओळी खाली धाकट्या जावेच्या जागी लिहिले आहे. लिहिणारा ओळ चुकला होता. बोरू जाड होता, एवढेच. रेघेच्या जोरावरून माणसाचा राग मोजता येत नाही. शाळेत तुम्हीसुद्धा चुकलेले गणित कसे गिचमिड करून खोडत होता, ते आठवा.

कुणी म्हणेल, मग सोपा नियम करा: वर दुरुस्ती असेल तर दुरुस्ती घ्या, दुरुस्ती नसेल आणि वाचता येत असेल तर खोडलेलेच घ्या. परदेशात लाखो पानांची सूची करणाऱ्या प्रकल्पांत साधारण असाच नियम असतो, आणि सूचीपुरता तो वाईट नाही. सूचीचे काम बोट दाखवायचे, इथे असे नाव आहे, जाऊन पाहा. पण आपल्याकडे सूची आणि नक्कल यांत कोणी फरकच करत नाही. एकदा टाइप झाले की मूळ कागद पुन्हा कोण उघडतो? म्हणून तो नियम इथे आणला की तो आमच्या बडोद्याच्या गृहस्थांना मिळवून देईल, पण माहेरचे काटलेले नाव पुन्हा गाडून टाकेल.

आम्ही आता काय करतो ते सांगतो. तुम्ही तसेच करा असा आग्रह नाही. खोडलेला मजकूर जागच्या जागी, ‘खोडले’ हा शब्द लिहून, चौकोनी कंसात देतो. गोल कंस वापरत नाही, कारण सातबारा. वाचता येत नसेल तर किती अक्षरांची जागा आहे ते लिहितो. कशाने खोडले, एका रेघेने, फुलीने, गिरवून, खरवडून, हे दोनतीन शब्दांत. वर किंवा समासात काही असेल तर ते ‘वर’ आणि ‘समासात’ असे सांगून. का खोडले असावे, हे आम्हाला कितीही सुचले तरी नकलेत नाही. तळटीपेत, आणि खाली नाव घालून, म्हणजे पुढच्याला आमचा कान धरता येईल. वंशवृक्ष काढताना मात्र निर्णय घ्यावाच लागतो. झाडाला फांदी असते किंवा नसते. तिथे आम्ही तुटक रेघ वापरतो.

एक इशारा, हा अनुभवाचा आहे. गणकतक्त्यात, म्हणजे तुमच्या त्या एक्सेलमध्ये, खोडलेले नाव दाखवायला अक्षरांवर रेघ मारण्याची सोय असते, ती चुकूनही वापरू नका. ती रेघ म्हणजे नुसती सजावट. फाइल साध्या मजकुरात किंवा सीएसव्हीत साठवली की रेघ जाते आणि नाव राहते. कोणी सांगितले म्हणून आम्ही एकदा सगळी यादी तशी पाठवली, आणि पलीकडच्यांना सगळी खोडलेली माणसे धडधाकट मिळाली. दत्तक गेलेले मुलगे दोन्ही घरी नांदू लागले. एका गावाची लोकसंख्या आम्ही बसल्या जागी वाढवली. शब्दात लिहा; शब्द प्रत काढताना गळत नाही.

समोरून चिठ्ठी आली आहे. विचारले आहे, ‘‘घरच्यांनीच जे नाव काढले, ते तुम्ही छापून पुन्हा का दाखवायचे? त्यांच्या दुःखाचा विचार नको का?’’ हा खरा अवघड प्रश्न, आणि याचे उत्तर आमच्यात एकमताने नाही. आमच्यातले काही म्हणतात, कागदावर आहे ते सगळे द्या. आम्हाला बहुतेकांना असे वाटते, की उतरवायचे सगळे, छापायचे मात्र घरच्यांना विचारून. आणि खोडलेल्या माणसाची मुले-नातवंडे हयात असू शकतील इतक्या जवळच्या पिढ्या तर छापायच्याच नाहीत. ‘घरचे’ म्हणजे तरी कोण? बाड ज्यांच्या माळ्यावर राहिले तेच का? खोडलेल्या मुलाची नातवंडेही घरचीच. त्यांना कोणी विचारत नाही, कारण ती आपल्याला माहीतच नसतात. म्हणून न छापता का होईना, नकलेत ते नाव असलेच पाहिजे. उद्या ती विचारत आली तर आपल्याजवळ सांगायला काही हवे.

बडोद्याच्या गृहस्थांचे पत्र राहिले. त्यांनी माफीबद्दल एक अक्षर लिहिले नाही. त्या पानाचे छायाचित्र मागितले, आणि खाली एवढेच, की नाव नीट करून पाठवू नका, रेघेसकट पाठवा. आम्ही रंगीत पाठवले. पुढच्या मे महिन्यात ते त्या घरी जाऊन आले, आणि आता त्या बाडात, शेवटच्या कोऱ्या पानावर, बॉलपेनने, देवनागरीत, त्यांच्या सहा पिढ्या लिहिलेल्या आहेत. लिहिताना तेही एकदा चुकले आहेत. एक रेघ आहे.